पाठराखीण वेल

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात झाडाच्या आधी माणसाला नमस्कार केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर दारात हात जोडून उभ्या असलेल्या यजमानाच्या खांद्यावरून, कधी काखेखालून, थेट मागच्या अंगणात शिरायची. पाठोपाठ तेही शिरायचे. तुळस, कण्हेर, कुंपणावरचा दोडका, मोरीच्या कडेचं अळू अशी सगळ्यांची विचारपूस झाली, कुणाच्या पानाखाली मावा पडलाय हे बघून झालं, की मग हात झटकत बाहेर येऊन ते यजमानाला म्हणायचे, "बरं, तुमचं कसं काय चालून राह्यलंय?" एकदा एका घरी ते भेटायला गेले ते यजमान आजारी आहेत म्हणून. लिंबाच्या झाडापाशी तासभर रमले, त्याला आळं करून दिलं आणि आजाऱ्याला न भेटताच परत आले. त्यांच्या बायकोनं विचारलं, "कशी हाये तब्येत?" तर म्हणाले, "आता मुळाशी हवा खेळंल. दोन महिन्यांत पालवी येती बघ."

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. राहणार तीर्थपुरीचे, घराणं पाटलांचं. ज्वारी-कापसाची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची होती, पण ती गड्यांच्या हवाली. त्यांचा जीव अडकलेला होता गावाबाहेरच्या विहिरीवरच्या पानमळ्यात. मी तेव्हा जालन्याच्या शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य, शिकवणं उर्दूतून, आणि पुस्तकात 'नबातात' म्हणून झाडाझुडपांचा एक धडा होता. तो मी मोठ्या रुबाबात शिकवायचो. एकदा दाजी मुक्कामाला आले असताना "बघू तरी तुमची शाळा" म्हणून वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. मी मुळांचे प्रकार सांगत होतो. गाजर, मुळा, आणि बोलण्याच्या भरात बटाटा. मागून खाकरण्याचा आवाज आला. दाजी उभे राहिले, कोटाच्या खिशात हात घातला आणि सकाळी माझ्याच स्वयंपाकघरातून उचललेला एक बटाटा बाहेर काढला. "मास्तर, माफी असावी. पण मुळीला कधी डोळे फुटलेले पाह्यलेत का तुमी? हे खोड हाये. जमिनीत दडून बसलेलं खोड. ह्या डोळ्यातून कोंब येतो, तो फांदीवरच्या कोंबाचा सख्खा भाऊ." वर्गातल्या पोरांनी तो बटाटा हातोहात फिरवला आणि त्या दिवसापासून माझ्यापेक्षा दाजी कधी येणार याची चौकशी जास्त होऊ लागली.

हा बटाटा पुढे बरेच दिवस गाजला. आमचे घरमालक मारवाडातून येऊन तीन पिढ्या जालन्यात राहिलेले जैन शेठजी होते. सरकीचा व्यापार करायचे आणि कंदमूळ खात नसत. दाजींना वाटलं, या बिचाऱ्या माणसाचा घोर गैरसमज झालेला आहे. ते ओट्यावर शेठजींच्या शेजारी बसले आणि बटाटा मूळ नसून खोड आहे हे त्यांनी पाऊण तास समजावलं. शेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाटील, खोड असंल. पण एका बटाट्यात डोळे किती म्हणालात?"

"आठ-दहा तर बराबर असतात."

"अन् हरएक डोळ्यातून नवीन झाड?"

"बिलकुल."

"मग आठ-दहा जीव झाले का नाही? हेच तर आमचे महाराज सांगतात."

दाजी उठले. आत येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "शेठजी आपल्यापरीस पुढं गेल्ते." पुढचे पंधरा दिवस त्यांनीही बटाटा सोडला. सोळाव्या दिवशी मात्र रश्शाचा वास आला आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.

त्यांच्या शेजारी पंगतीला बसणं म्हणजे एका वेगळ्याच दुनियेत जेवणं. आपण घास उचलावा आणि कानाशी हळूच आवाज यावा, "हा कांदा म्हंजे पानं बरं का, एकावर एक निजलेली." आपण पोळी मोडावी तर, "गव्हाचा दाणा म्हंजे आईनं लेकराला बांधून दिलेली शिदोरी. लेकरू कोंबातून बाहेर येऊन स्वतः कमवायला लागंपर्यंत पुरावी म्हणून. ती आपण दळून खाऊन राह्यलो. खा, खा, मी आपलं सांगितलं." एका लग्नात भोपळ्याच्या फुलांची भजी वाढली तेव्हा त्यांनी वाढप्याचा हात धरला, एक भजं उलटं केलं, देठ बारकाईनं पाहिला. "नराची हायेत. बारीक देठ, खाली गाठ न्हाई. वाढा." वाढपी म्हणाला, "अन् मादीची असती तर?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "तर मी उठलो असतो. पोटुशी फुलं तळायची न्हाईत." त्या पंगतीत भजी मागे राहिली, कारण नंतर कुणाची पहिला घास घ्यायची छाती होईना.

पण हे सगळं बाहेरच्या झाडांविषयी. त्यांचं खरं घर पानमळा. तिथं जायचं तर आंघोळ केलेली हवी, जोडे मळ्याबाहेर हवेत आणि आवाज खाली हवा. बाहेर तीर्थपुरीचं ऊन माणसाला भाजून काढत असायचं, आणि वेलींच्या आधाराला लावलेल्या शेवरी-पांगाऱ्याच्या दाट रांगांत पाऊल टाकलं की एकदम हिरवा अंधार. पाटाचं पाणी पायांखालून चाललेलं, पानांच्या बदामांतून गाळून आलेला उजेड अंगावर पाण्यासारखा हलायचा. तिथं कुणालाच घाई सुचत नसे. तालुक्याहून आलेला एक कडक अंमलदार तिथं दहा मिनिटं उभा राहिला आणि आपण कशासाठी आलो होतो ते विसरून परत गेला, हे दाजी सांगत, आणि मळा पाहिलेल्या माणसाला ते खरं वाटे. मी एकदा तिथं मोठ्यानं शिंकलो. दाजी कुजबुजले, "हळू मास्तर. वेल चढून राह्यली."

वेल कशी चढते हे ते तासन्‌तास दाखवायचे. "हे पेर. पेराच्या एका अंगाला पान, दुसऱ्या अंगाला ह्या बारीक मुळ्या. ह्या पीत न्हाईत, नुसत्या धरतात. प्यायच्या मुळ्या खाली मातीत. पण हेच पेर मातीत ठिवलं की ह्याच जागेतून प्यायच्या मुळ्या निघतात. तिला जमीन दिसली तर ती पिती, खोड दिसलं तर धरती. किती शहाणी हाये." वेल शेंड्याला पोचली की वर्षातून एकदा, ऊन तापायच्या आत, ती खाली उतरवायची, तिचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचं आणि फक्त शेंडा वर ठेवायचा. म्हणजे पुरलेल्या पेरापेराला मुळ्या फुटतात आणि म्हातारी वेल पुन्हा तरणी होऊन चढू लागते. याला उतरण म्हणतात. उतरणीच्या दिवसांत दाजी एकभुक्त राहायचे आणि वेलीशी असं बोलायचे, जसं एखाद्या थकलेल्या आत्याला आधार देऊन पायऱ्या उतरवताना बोलावं.

आणि मग डोळे मिटून ते आपलं लाडकं वाक्य म्हणायचे. "ही वेल माझ्या पणज्यानं लावली, मास्तर." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. शंभर वर्षं पानवेल टिकते होय? "टिकती. बी पेरलं की ते नवीन माणूस. त्याला आई-बाप दोन लागतात, त्याचं तोंड कुणासारखं होईल त्याचा भरवसा न्हाई. पण कांडी लावली तर ते नवीन कुणी न्हाईच. तीच वेल, पुढं चालत गेली. पणज्याच्या मळ्यातून आज्याच्या, आज्याच्या मळ्यातून बापाच्या. ती मेलीच न्हाई कधी." असं म्हणून ते कोवळ्या शेंड्याला बोट लावायचे. त्या हिरव्या अंधारात तेव्हा मलाही वाटायचं, की धोतर-मुंडाशातला कुणी पणजोबा पलीकडच्या सरीत खाली वाकून पाणी वळवतो आहे, आणि आपण जरा थांबलो तर तो वर बघेल.

या न मरणाऱ्या वेलीला त्यांनी एक कामही लावलं होतं. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत पाठराखीण जाते. दाजींच्या नात्यातली कुठलीही मुलगी निघाली, की माणसांतल्या पाठराखणीबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, तीन पेरांची एक कांडीही गाडीत चढायची. "बाई चार दिवसांनी परत येईल. ही राहील," असं ते मुलीला सांगत. माझी बायकोही अशीच आली. जालन्यात आमच्या मोरीच्या कडेला शेवग्याचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी दाजींनी स्वतः ती कांडी लावली. मग दर वर्षी त्यांची फेरी सुरू झाली. हसनाबादला एक वेल, शहागडला एक, आमच्याकडे एक. येऊन ते आधी शेवग्याखाली उभे राहत. बायको चुलीपासून म्हणे, "दाजी, म्या पण हाये हितं." ते तिकडूनच म्हणत, "तू दिसून राह्यली. हिचं पान जरा पिवळं वाटतं."

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आमच्याकडची जुनी माणसं, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खात नसत. दाजींनी हा रिवाज माणसांना कधीच लावला नाही. माझ्या घरी आठ पुरणपोळ्या ते सहज खायचे. पण जेवण झाल्यावर पान मात्र खिशातल्या फडक्यातलं, तीर्थपुरीहून आणलेलं. बायको म्हणायची, "अहो, दारात वेल हाये, खुडा की एक." त्यावर ते कानाच्या पाळीला हात लावत. "सासरी दिलेली हाये. तिला फूल येऊ दे, मंग खातो." पानवेलीला आमच्याकडे फूल येतच नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायको बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना तिनं दोन गोष्टी बजावल्या होत्या: दुधावर झाकण ठेवा आणि वेलीला पाणी घाला. दूध मांजरानं प्यायलं. वेल उन्हाळ्यानं. ती वाळायला लागल्याचं माझ्या लक्षात आलं तेव्हा शेवग्याच्या खोडावर पिंगट सुतळीसारखं काहीतरी उरलं होतं, आणि त्याच दिवशी तीर्थपुरीचं पत्र आलं, आठ दिवसांत येतो. मी, निजामाच्या शाळेत नबातात शिकवणारा मास्तर, घामानं निथळलो. सुतळी उपटून टाकली, बाजारात ओळखीच्या तांबोळ्याकडे धावलो आणि कुंडलिका नदीच्या काठच्या एका मळ्यातून, त्याच तऱ्हेच्या पानाची, मुळं फुटलेली एक कांडी आणून लावली. पण चौदा हात वेलीच्या जागी हा वीतभर शेंडा कसा, हे कसं सांगायचं? बराच वेळ मोरीच्या कठड्यावर बसल्यावर मला ते सुचलं. सुचलं तेव्हा स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

दाजी आले, शेवग्याखाली गेले आणि थबकले. मी मागून म्हणालो, "उतरण केली."

ते वळले. "कुणी?"

"मी. तुमच्या मळ्यात पाहिलं होतं ना, तसंच. वेटोळं करून, पुरून."

दाजी माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची स्वतःची दोन्ही पोरं मळ्यात पाऊल टाकत नसत; एकाला कापसाच्या जिनात नोकरी हवी होती, दुसऱ्याला मोटार चालवायची होती. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे-सुलटे करून पाहिले, जणू मीही एखादं दुर्मीळ रोप होतो. मग ही वार्ता त्यांनी मुलुखभर केली. "आमच्या मास्तरनं स्वतःच्या हातानं उतरण केली." हसनाबादच्या मामेसासऱ्यांनी तर मला त्यांच्या वेलीच्या उतरणीसाठी मानानं बोलावणं धाडलं. मला ताबडतोब ताप आल्याचं मी कळवलं.

बायको बाळाला घेऊन परतली. वेलीला चार पानं आल्यावर तिनं एक खुडलं, चावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ही आमची न्हाई." मी सगळं कबूल केलं. तिनं हातातला देठ मोरीत टाकला. मग म्हणाली, "दाजीला सांगू नका. अन् उतरण केली असं माझ्यासमोर म्हणू नका, हसू येतं."

असं पाच वर्षं चाललं. वेल शेंड्याला गेली. मग एका साली श्रावण-भादव्यात पाऊस हटेना. मळ्यात पाणी साचलं आणि वेलींना मर लागली. बुंध्याशी काळा डाग, मग पानं मलूल, मग रांगच्या रांग खाली मान घालून उभी. तीन आठवड्यांत सगळा मळा गेला. त्या काळ्या बुंध्यांतून एकही कांडी घेण्यासारखी उरली नाही. दाजी ओलं गोणपाट घेऊन निघाले. शहागडला गेले, तिथं गोदावरीच्या पुरानं परसाची भिंत पडून वेल खाली गेलेली. हसनाबादला गेले, तिथं शेळीनं काम केलेलं. तिथून माझ्याकडे आले. अंगानं निम्मे झाले होते. यावेळी बायको दारात होती, तिला म्हणाले, "बरी हायेस का?" आधी तिला. 

"आता तुमचीच एक राह्यली, मास्तर," ते शेवग्याखाली बसत म्हणाले. "वीस कांड्या निघतील. नवीन जागा नांगरून ठिवली हाये, वरच्या अंगाला, पाणी थांबणार न्हाई अशी. तुम्ही त्या साली हात लावला म्हणून पणज्याची वेल वाचली." त्यांनी विळा काढला आणि पहिलं पेर मोजलं.

गप्प बसणं फार सोपं होतं. त्यांना आयुष्यभर कळलं नसतं. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली, पण हो म्हणून की नको म्हणून ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हणालो, "दाजी, थांबा. ही ती नव्हे."

आणि सांगून टाकलं. सुतळी, तांबोळी, कुंडलिकेचा मळा, उतरण, सगळं.

विळा त्यांच्या मांडीवर तसाच राहिला. शेठजींच्या ओट्यावरून कुणाचं तरी बोलणं येत होतं ते थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. दाजींनी हात वर केला, एक पान खुडलं, देठ मोडला, ना चुना ना सुपारी, कोरंच तोंडात टाकलं. माझ्या दारचं पान पहिल्यांदाच. डोळे मिटून ते फार वेळ चावत बसले. मला वाटलं, आता उठतील आणि पुन्हा या घरात पाय ठेवणार नाहीत.

"न्हाई," ते अखेरीस म्हणाले. "आपली न्हाई. जरा तिखट हाये." मग थोड्या वेळानं, "म्या इतके येळा आलो हितं. पानाची शीर पाह्यली असती तरी कळलं असतं. पण तुमी उतरण केली म्हणला, अन् त्या दिसापासून म्या वेलीकडं पाह्यलंच न्हाई, मास्तर. तुमच्याकडंच पाहत बसलो."



बायको पुढं झाली. "दाजी, मंग आता कसं करता?"

दाजींनी त्या उंच वेलीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. प्रत्येक पेरावर नजर टेकवत. पाच वर्षांचं पाहायचं राहून गेलं होतं, ते सगळं बहुधा त्यांनी एकदम पाहून घेतलं. "करायचं काय. हिचा काय गुन्हा हाये? बिचारी चढून राह्यली आपली." आणि विळा उचलला. कांडी तोडताना ते प्रत्येकीला काहीतरी म्हणत होते, मला ऐकू आलं नाही. बायकोनं आत जाऊन तांदूळ आणि नारळ आणला आणि गोणपाटाची ओटी भरली. ओटी भरेपर्यंत दाजी डोक्यावरचं मुंडासं सारखं करत दुसरीकडे बघत उभे होते.

तीन वर्षांनी मी तीर्थपुरीला गेलो तेव्हा वरच्या जागेत नवा मळा चांगला डोक्यावर गेला होता. दाजी आता हळू चालायचे. तालुक्याहून कुणी पाहुणे आले होते, त्यांतल्या एकानं विचारलं, "पाटील, किती वर्षांची म्हणता ही वेल?"  दाजी म्हणाले, "तीन." पाहुणे गेल्यावर आम्ही दोघंच एका सरीत बसलो. पाणी वळलं होतं, ते आमच्या पायांपाशी येऊन थांबायचं आणि पुढं जायचं. पानं हलली की त्यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा आणि जायचा. मला वाटलं, त्यांना झोप लागली. मीही डोळे मिटले. एवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकदा वर, वेलीकडं बघितलं, ती ऐकत तर नाही ना अशा बेतानं.

"जुनी सपनात येती कधीमधी," ते अगदी हळू म्हणाले. "पण हिला म्या सांगत न्हाई."